मालकी कोणाची आणि जाब कोणाला?

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

भंडारा जिल्ह्याने १९५४ साली एक असामान्य पोटनिवडणूक पाहिली. त्या वेळी हा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, गोंदिया त्याच्या पोटात होते आणि लोकसभेचा येथील मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पराभव पत्करावा लागला. त्या निकालाची चर्चा आजही होते. परंतु ती निवडणूक लढवणाऱ्या या दोन माणसांना जो प्रश्न महत्त्वाचा वाटत होता, त्याची चर्चा मात्र हळूहळू मागे पडली. तो प्रश्न असा की, मत देण्याचा अधिकार सर्वांना समान मिळाला, पण खाण, कारखाना, वीज आणि विमा यांची मालकी मूठभरांकडे राहिली, तर त्या मताला किती अर्थ उरतो?

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी जे निवेदन तयार केले, त्यात मूलभूत आणि कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, असे त्यांनी स्पष्ट मांडले होते. राज्यसंस्थेने आर्थिक क्षेत्रातून दूर व्हावे म्हणजे व्यक्तीला स्वातंत्र्य मिळेल, असे सांगणाऱ्यांचा त्यांनी समाचार घेतला होता. राज्य बाजूला झाले की ती जागा मोकळी राहत नाही, तेथे खासगी मालकाची सत्ता येऊन बसते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खासगीकरणाचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर हे सूत्र हाती धरणे उपयोगाचे ठरेल.

खासगीकरण म्हटले की सरकारी कारखाना एखाद्या उद्योगपतीला विकून टाकला, एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे येते. २००१ मध्ये कोरब्याच्या बाल्को कंपनीचे ५१ टक्के भाग विकले गेले, २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे गेली, ती या प्रकारची उदाहरणे होत. परंतु विक्री ही खासगीकरणाची शेवटची पायरी असते. तिच्या आधीच्या पायऱ्या अनेक असतात आणि त्या इतक्या सावकाश चढल्या जातात की वर पोचेपर्यंत कोणाला चाहूल लागत नाही. या सर्व पायऱ्या पाहण्यासाठी दिल्ली-मुंबईला जाण्याचे कारण नाही. त्या भंडारा जिल्ह्यातच पाहावयास मिळतात.

पहिली पायरी भागविक्रीची. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मँगनीजच्या खाणी सर्वांना माहीत आहेत. पोलाद तयार करताना मँगनीज लागते, आणि डोंगरीच्या खाणीतील विशिष्ट खनिज विजेरीच्या कोरड्या सेलसाठी वापरले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश भांडवलाने या पट्ट्यात उत्खनन सुरू केले. स्वातंत्र्यानंतर, १९६२ मध्ये, नवी कंपनी स्थापन झाली आणि तिचे ५१ टक्के भाग केंद्र, महाराष्ट्र व मध्य प्रदेश या सरकारांकडे आले. उरलेला ४९ टक्के हिस्सा ब्रिटिश कंपनीकडून १९७७ मध्ये केंद्राने घेतला आणि मॉइल पूर्णपणे सार्वजनिक झाली. जी संपत्ती ऐंशी वर्षे परक्यांच्या ताळेबंदात नोंदली जात होती, ती देशाच्या नावावर आली. यानंतर तेहेतीस वर्षांनी, २०१० च्या डिसेंबरात, तिचे २० टक्के भाग शेअर बाजारात विकले गेले. पुढे आणखी भाग विकले जाऊन तिन्ही सरकारांचा एकत्रित वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास आला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. सार्वजनिक उद्योग तोट्यात आहेत, त्यांचा भार करदात्याने का वाहावा, हा खासगीकरणाचा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद. पण मॉइल तोट्यात नव्हती, ती नफा मिळवणारी कंपनी होती, आणि देशातील मँगनीज उत्पादनात तिचा क्रमांक पहिला. २०१० च्या विक्रीतून आलेला पैसा खाणीत नवी यंत्रे बसवण्यासाठी किंवा कामगारांच्या वसाहतीसाठी आला नाही, तो भागधारक सरकारांच्या तिजोरीत गेला. म्हणजे तोटा कमी करण्यासाठी विक्री झाली नाही, तर अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्यासाठी नफ्यातील वाटा विकला गेला. घरात अडचण आली म्हणून दुभती गाय विकणाऱ्या शेतकऱ्याला निदान आपण काय गमावत आहोत याची जाणीव असते. शिवाय खनिज हे पीक नव्हे. एकदा काढले की ते परत उगवत नाही. त्याच्या उत्पन्नातील वाटा विकणे म्हणजे पुढच्या पिढीच्या वाट्याचे आजच विकणे होय.

तरीही जोवर ५१ टक्के भाग सरकारांकडे आहेत तोवर काही बंधने शिल्लक राहतात. अशा कंपनीचे हिशेब भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या कक्षेत येतात, माहितीच्या अधिकाराखाली तिला प्रश्न विचारता येतात, संसदेच्या समित्या तिच्या अधिकाऱ्यांना पाचारण करू शकतात आणि नोकरभरतीत अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण पाळावे लागते. मालकी खासगी हातांत गेली की या चारही गोष्टी एका सहीसरशी संपतात. तुमसर-मोहाडीच्या खेड्यातील दलित, आदिवासी किंवा ओबीसी मुलाच्या दृष्टीने खासगीकरणाचा पहिला अर्थ हाच आहे. त्याच्या गावालगतच्या खाणीत त्याचा जो हक्क होता, तो मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहतो.

दुसरी पायरी खात्याचे रूपांतर कंपनीत करण्याची. १९६२ च्या चीन युद्धाने देशाला दारूगोळ्याच्या बाबतीत आपण किती परावलंबी आहोत याची जाणीव करून दिली, आणि साठच्या दशकात जवाहरनगर येथे आयुध निर्माणी उभी राहिली. तोफगोळ्यांना गती देणारी दारू आणि स्फोटके येथे तयार होतात. देशातील अशा ४१ निर्माण्या संरक्षण मंत्रालयाच्या आयुध निर्माणी मंडळाखाली चालत होत्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ते मंडळ विसर्जित झाले, निर्माण्यांची सात कंपन्यांत वाटणी झाली आणि भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. हे खासगीकरण नव्हे, हे केवळ कंपनीकरण, असे तेव्हा सांगितले गेले. शब्दशः ते खरेही आहे, कारण सर्व भाग केंद्र सरकारकडेच आहेत.

पण अशा पायऱ्यांचा इतिहास तपासला पाहिजे. याच तारखेला, १ ऑक्टोबर २००० रोजी, दूरसंचार खात्याच्या सेवेचे बीएसएनएल या कंपनीत रूपांतर झाले होते. त्या वेळीही नोकऱ्या आणि भवितव्य सुरक्षित असल्याची ग्वाही मिळाली होती. वीस वर्षांच्या आत, ३१ जानेवारी २०२० रोजी, तिच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि खासगी कंपन्या चौथ्या पिढीची सेवा विकत असताना या सार्वजनिक कंपनीला ती सुरू करण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. खाते विकता येत नाही, कंपनी विकता येते. तिचे भाग पाडता येतात, जमीन वेगळी काढता येते, तोटा दाखवता येतो. कंपनीकरण म्हणजे विक्री नव्हे हे मान्य करूनही, विक्रीला लागणारी कागदपत्रे त्यामुळे तयार होतात, हे नाकारता येणार नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. निर्माण्यांतील कामगार संघटनांनी या निर्णयाविरुद्ध संपाची तयारी केली तेव्हा ३० जून २०२१ रोजी अध्यादेश निघाला आणि पाठोपाठ वर्षभराच्या मुदतीचा कायदा आला. संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. मालकीत बदल करताना ज्यांचे आयुष्य त्या उद्योगात गेले त्यांना बोलण्यास बंदी करावी लागते, यातच त्या बदलाचे स्वरूप पुरेसे उघड होते.

२४ जानेवारी २०२५ च्या सकाळी जवाहरनगरच्या निर्माणीत भीषण स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळले आणि आठ कामगारांचा मृत्यू झाला. या स्फोटाचे खापर कंपनीकरणावर फोडणे सोपे आहे, पण तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सरकारी खात्याच्या काळातही निर्माण्यांत अपघात झाले. दुसऱ्या बाजूला नागपूरजवळच्या बाजारगाव येथील खासगी कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या स्फोटात नऊ कामगार दगावले. स्फोटकाला मालकाचे नाव कळत नाही. कामगाराचा जीव वाचवतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. अनुभवी आणि कायम कामगार, नियमित तपासणी, आणि काम धोक्याचे वाटले तर ते थांबवा असे सांगण्याची हिंमत देणारी संघटना, या त्या गोष्टी होत. म्हणून खरा प्रश्न असा की, या तीन गोष्टी कोणत्या व्यवस्थेत मागता येतात? ज्या कारखान्याबद्दल लोकसभेत प्रश्न विचारता येतो आणि ज्याच्या चौकशीचा अहवाल जनतेला मागता येतो, तेथे मृत कामगाराच्या विधवेला निदान दार ठोठावण्यासाठी एक दार असते. त्या दारामागचा अधिकारी बहिरा असू शकतो. पण दारच काढून टाकणे हा बहिरेपणावरचा इलाज नव्हे.

तिसरी पायरी उपेक्षेची, आणि ती सर्वांत क्रूर आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बालके मृत्युमुखी पडली. सात बालकांना वाचवण्यात यश आले. त्या घटनेनंतर सार्वजनिक आरोग्यसेवेचा कैवार घेऊन बोलणाऱ्यांना प्रश्न केला गेला की, हेच तुमचे सरकारी रुग्णालय काय? हा प्रश्न टाळता येत नाही. सार्वजनिक मालकीच्या नावाखाली निष्काळजीपणाला पाठीशी घालणारा माणूस समाजवादी म्हणवून घेण्यास पात्र नाही. ज्यांनी दक्षता घ्यावयास हवी होती त्यांनी ती घेतली नाही, हे स्वच्छ शब्दांत म्हटले पाहिजे.

परंतु त्या बालकांचे आईबाप कोण होते, हेही पाहिले पाहिजे. ते बहुतांशी खेड्यापाड्यांतील मजूर आणि गरीब कुटुंबांतील होते. कमी वजनाच्या अर्भकाला खासगी रुग्णालयात आठ-पंधरा दिवस ठेवण्याचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. त्यांच्यापुढे सरकारी आणि खासगी अशी निवड नव्हतीच. सरकारी कक्ष होता म्हणून मूल जगण्याची आशा होती, आणि त्याची देखभाल नव्हती म्हणून ती आशा जळाली. चौकशीनंतर जी कारवाई झाली, तिच्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांचे निलंबन होते, तसेच कंत्राटी कर्मचाऱ्यांची सेवासमाप्तीही होती. म्हणजे ज्या कक्षात सर्वाधिक स्थैर्य आणि प्रशिक्षण हवे, तेथेही तात्पुरत्या नेमणुकीवर काम चालले होते. दारावरची पाटी सरकारी राहते आणि आत कंत्राट शिरते, हे खासगीकरणाचे आजचे प्रचलित रूप होय. ६ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, आणि राज्यभर तरुणांचा रोष उसळल्यावर ऑक्टोबरात तो मागे घेतला. निर्णय मागे गेला, पण रिकाम्या जागा भरल्याखेरीज तो विचार मागे गेला असे म्हणता येणार नाही.

चौथी पायरी सेवा ठेकेदाराकडे सोपवण्याची. शेजारच्या नागपूर शहरातील महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांतील वीजवितरण २०११ मध्ये एका खासगी कंपनीकडे देण्यात आले. खासगी कार्यक्षमतेचे पुष्कळ गोडवे तेव्हा गायले गेले. आठ वर्षांनी, २०१९ मध्ये, आर्थिक अडचणीचे कारण देऊन कंपनीने असमर्थता कळवली आणि सप्टेंबरात महावितरणला तो कारभार पुन्हा अंगावर घ्यावा लागला. खासगी कंपनीला काम सोडून जाता येते. सार्वजनिक संस्थेला ती मुभा नसते, कारण दिवा विझला तर तिलाच उत्तर द्यावे लागते. हा फरक हिशेबाच्या वहीत दिसत नाही, पण अर्थ त्यातच आहे.

भंडाऱ्याच्या धान उत्पादकाला यातून काय शिकायचे? शहरातील उद्योग आणि दुकाने विजेला जो चढा दर देतात, त्यातून शेतीपंपाच्या दराचा भार काही अंशी उचलला जातो. नफ्याची शहरे खासगी कंपनीला दिली तर महावितरणकडे लाखांदूर-पवनीचे पंप, लांबच लांब तारा आणि थकबाकी एवढेच उरेल. समांतर परवान्याच्या हालचालींविरुद्ध वीज कर्मचारी जानेवारी २०२३ मध्ये संपावर गेले, तेव्हा ते केवळ आपल्या पगारासाठी लढत नव्हते. एस.टी.च्या बाबतीतही हेच गणित लागू पडते. भंडारा-नागपूर मार्गावर गाडी चालवण्यास कोणीही पुढे येईल. साकोलीपासून आडवाटेच्या गावाला सकाळी शाळेच्या वेळेवर जाणारी गाडी मात्र नफ्यासाठी कोणी चालवणार नाही.

परदेशाचा दाखला हवा असेल तर तोही उपलब्ध आहे. इंग्लंडने १९८९ मध्ये पाणीपुरवठा विकला. कर्ज शिल्लक नसलेल्या कंपन्या खासगी मालकांच्या हाती आल्या. त्यांनी प्रचंड कर्ज काढले, भागधारकांना लाभांश वाटले, आणि नद्यांत सांडपाणी सोडले जाण्यावरून तेथील जनता आज संतप्त आहे. याउलट पॅरिस शहराने २०१० मध्ये आपले पाणी खासगी कंपन्यांकडून परत नगरपालिकेकडे घेतले. विकलेले परत घेता येते, पण त्यासाठी लोकांनी आग्रह धरावा लागतो.

मित्रहो, येथवरचे विवेचन ऐकून सरकारी मालकी म्हणजेच समाजवाद, असा निष्कर्ष कोणी काढील तर ती मोठी चूक ठरेल. भंडारा जिल्ह्याइतका या चुकीचा धडा दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याने क्वचितच घेतला असेल. येथील मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, ते मुख्यतः कोहळी समाजाच्या पिढ्यांनी आपल्या कसबाने उभे केले. मालगुजारी अन्यायाची होती, १९५० च्या कायद्याने ती गेली हे योग्यच झाले. तलाव शासनाकडे आले. परंतु पाळ दुरुस्त करणे, पाटाची साफसफाई, पाण्याची वाटणी हे जे काम गाव रूढीने करीत होते, ते कोणी करायचे याचा विचार झाला नाही. मालगुजार गेला, गावाचा अधिकार आला नाही, मधल्या जागेत खाते येऊन बसले. तलाव गाळाने भरत गेले, सिंचन घटले आणि त्यांवर जगणाऱ्या ढिवरांची मासेमारी अडचणीत आली.

सार्वजनिक क्षेत्राचे नेमके हेच झाले. मालकी लोकांच्या नावावर आली आणि कारभार मंत्री व अधिकारी यांच्या हाती राहिला. उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभाग मिळावा असे संविधानाच्या ४३(क) या अनुच्छेदात १९७६ साली लिहिले गेले, आणि ते तेथेच राहिले. खाणीतील कामगाराला आपण मालक आहोत असे कधी वाटले नाही, रुग्णालयातील रुग्णाला आपण याचक आहोत असेच वाटत राहिले. म्हणून भागविक्रीची बातमी आली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले नाहीत. जे आपले कधी वाटलेच नाही, ते गेल्याचे दुःख कोणाला व्हावे? खासगीकरणाचा रस्ता भांडवलदारांनी जितका तयार केला, तितकाच तो नोकरशाहीच्या उद्दामपणानेही तयार केला, हे कबूल केल्यावाचून पुढचा लढा उभा राहणार नाही.

तो लढा केवळ 'विकू नका' या घोषणेवर चालणार नाही. मॉइलमधील सरकारी वाटा आणखी घटू नये, आणि खाणीच्या उत्पन्नाचा वाटा ज्या गावांच्या पोटातून खनिज निघते त्यांच्या शाळा, पाणी व आरोग्यावर खर्च होऊन त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा. जवाहरनगरच्या स्फोटासंबंधीचे निष्कर्ष, संरक्षणाची गुप्तता सांभाळून, कामगारांपुढे ठेवले जावेत आणि सुरक्षा समितीत त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींना काम थांबवण्याचा अधिकार असावा. जिल्हा रुग्णालयातील प्रत्येक कायम पद कायम माणसाने भरलेले असावे आणि तेथील अग्निसुरक्षेची तपासणी दरवर्षी जाहीर व्हावी. तलावांची व्यवस्था पाणी वापरणाऱ्यांकडे आणि मासेमारांकडे यावी. यातील एकही मागणी अशक्य नाही. प्रत्येकीच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, ते म्हणजे ज्याचे जीवन एखाद्या गोष्टीवर अवलंबून आहे, त्याला तिच्या कारभाराचा जाब विचारता आला पाहिजे.

खासगीकरणाचा अर्थ शेवटी याच कसोटीवर ठरतो. त्यात कारखान्याबरोबर जाब विचारण्याचा हक्क विकला जातो, आणि त्याची किंमत कोणत्याही निविदेत लिहिलेली नसते. १९५४ साली भंडाऱ्याच्या मतदारापुढे जे दोन नेते उभे होते, त्यांनी मताच्या अधिकाराला आर्थिक अधिकाराची जोड हवी असे मानले होते. त्या निवडणुकीला सत्तर वर्षे उलटली. डोंगरीच्या खाणीत, जवाहरनगरच्या निर्माणीत आणि जिल्हा रुग्णालयाच्या त्या कक्षात तो प्रश्न अद्याप उत्तराची वाट पाहत आहे.